रेघाळ फूल : नवलाई की आजार?

गुल-ए-लाला आपल्या घरांतल्या उर्दू वाचकांना नवा नाही. ट्युलिपला तुर्कीत ‘लाले’ म्हणतात. उस्मानी काळात या फुलाला मोठा मान होता. अरबी लिपीत ‘लाले’ आणि ‘अल्लाह’ यांची अक्षरे तीच; अब्जदच्या हिशेबाने दोन्हींची बेरीज 66 येते.

तुर्कस्तानातून हे कंद युरोपात गेले. हॉलंडमध्ये एक नवल दिसू लागले. दरवर्षी एकरंगी फुलणारा कंद एखाद्या वसंतात पांढऱ्यावर लाल ज्वाळा असलेले फूल देई. ‘सेम्पर ऑगस्टस’ हे त्यातले सर्वांत गाजलेले फूल. अशा कंदांवर लोकांनी अफाट पैसा लावला आणि 1637 च्या फेब्रुवारीत बाजार कोसळला.

कारण उलगडायला 1928 साल उजाडावे लागले. इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत डोरोथी केली यांनी रेघाळ ट्युलिपच्या कंदाचा भाग निरोगी कंदाला जोडला, तर त्याचेही फूल रेघाळ आले. म्हणजे ही नवलाई संसर्गाची होती. हा विषाणू मावा कीड पसरवते. त्यामुळे पाकळीत लाल-जांभळा रंग सारखा भरत नाही. खालचा पांढरा किंवा पिवळा रंग उघडा पडतो. कंद मात्र वर्षागणिक लहान आणि अशक्त होतो.

मग वेगळा रंग दिसला तर ओळखावे कसे? आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, फुलाआधी पान पाहा. पानावर फिकट पट्टे, पाकळ्यांवर वेड्यावाकड्या रेघा, प्रत्येक पाकळीची नक्षी निराळी आणि झाड खुरटे असेल, तर विषाणूचा संशय घ्यावा. पान हिरवेगार, झाड जोमदार आणि बदललेला रंग स्वच्छ असेल, तर तो जनुकीय बदल असू शकतो. अशा कंदाला खूण करावी. पुढच्या वर्षी त्याच्या पिल्लांनाही तेच फूल आले आणि झाड सशक्त राहिले, तर नवा वाण हाती लागला समजावे. आज बाजारात मिळणारे पट्टेदार ट्युलिप बहुधा असेच, जातीनेच पट्टेदार असतात.

आपल्याकडच्या ग्लॅडिओलसलाही मावा असेच विषाणू देतो. संशयित झाड कंदासकट उपटून नष्ट करावे, खतात टाकू नये. फूल कितीही देखणे असले, तरी त्याचा कंद शेजारणीला भेट देऊ नये. तिच्या बागेत आपण आजारच पोचवू.