घरच्या घरी जर्मन

पुणे-सातारा महामार्गावरच्या आमच्या किकवीत जर्मनचे शिक्षक मिळणे कठीण. मुलांना घरीच शिकवायचे ठरवल्यावर प्रश्न पडला, आपल्यालाच न येणारी भाषा शिकवायची कशी? अभ्यासाला बसलो तेव्हा कळले, निम्मे काम मराठीनेच करून ठेवले आहे.

जर्मन नामाआधी डेर, डी, डास लागते. म्हणजे आपले तो, ती, ते. उर्दूत नपुंसकलिंग नाही, मराठीत आहे. मात्र लिंगे जुळतातच असे नाही. जर्मनांचा सूर्य 'ती' आणि मुलगी चक्क 'ते'! म्हणून शब्द लिंगासकटच पाठ करावा. 'कारण' किंवा 'की' आले, की पुढच्या वाक्यातले क्रियापद मराठीसारखे शेवटी जाते. 'बूख' म्हणजे पुस्तक; त्यातला ख घशातून येतो. कुरआन शरीफ शिकणाऱ्या मुलांना तो अरबी 'ख़ा'मुळे आधीच जमतो.

तरी घरचा अभ्यास बाहेर तपासून घ्यावा. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ए-१ ही पहिली परीक्षा देता येते. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे मिळून १०० पैकी ६० गुण हवेत.

बोलणे पुस्तकातून येत नाही. म्हणून फजरनंतर वीस मिनिटे आम्ही सगळे मोठ्याने जर्मन बोलतो, अम्मी-अब्बासुद्धा. पालक अडखळत शिकताना दिसले, की मुलांची भीड आपोआप चेपते.