अर्धी ग्रंथी राखणारे सर्जन

बंगळुरूत होसूर रोडला, निमहान्सच्या शेजारी, किडवाई कर्करोग संस्था आहे. १९७३ साली ती उभी राहिली आणि १९८२ पासून शहरातल्या कर्करुग्णांची नोंद तिथे ठेवली जाते. मुंबईत ही नोंद १९६३ पासूनची. असली कामं वर्तमानपत्रांत झळकत नाहीत. पण थायरॉइडच्या कर्करोगाबद्दल आज जे शहाणपण आलं आहे, ते अशाच जुन्या नोंदींतून आलं आहे.

हे ज्यांनी दाखवून दिलं, त्यांतले दोघं सयाजीरावांच्या बडोद्यातले. डॉ. जतीन शाह आणि डॉ. अशोक शहा, दोघंही महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात डोकं-मानेच्या कर्करोगाचे सर्जन झाले.

थायरॉइडचा नेहमीचा कर्करोग फार संथ असतो. गाठ काढल्यावर वीस वर्षांनीही तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. त्यामुळे पाच वर्षांची चाचणी घेऊन इथे काही कळत नाही. सर्जनला आपल्या जन्माआधीच्या फायली उघडाव्या लागतात. शहा आणि शाह यांनी त्याच उघडल्या. १९३० ते १९८५ या काळात उपचार घेतलेले १,०३८ रुग्ण. प्रत्येकाचं वय काय, गाठ केवढी, ती ग्रंथीबाहेर पसरली होती का, फुप्फुसात किंवा हाडात गेली होती का, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसल्या. १९९४ साली निष्कर्ष छापून आले. तरुण रुग्ण आणि साधी गाठ असेल, तर वीस वर्षांनंतरचं जगण्याचं प्रमाण ९९ टक्के. वय जास्त आणि गाठही वाईट, तर ५७. या दोन्हींच्या मधल्यांचं ८५.

म्हणजे सगळ्यांना एकच शस्त्रक्रिया लावणं चूक होतं. संपूर्ण ग्रंथी काढली की जन्मभर थायरॉक्सिनची गोळी लागते. पाठीमागच्या चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम घसरतं, हातापायांना मुंग्या येतात. स्वरयंत्राची नस गेली तर आवाज बसतो. कमी धोक्याच्या रुग्णात एकच बाजू काढली, तर दुसऱ्या बाजूचं सगळं शाबूत राहतं. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने चार सेंटिमीटरपर्यंतच्या निवडक गाठींसाठी हा पर्याय २०१५ साली मान्य केला. कर्करोगाची पायरी ठरवताना धरली जाणारी वयाची सीमारेषाही २०१८ पासून ४५ वरून ५५ वर गेली. माझ्या मते आपल्याकडे अर्धी ग्रंथी राखण्याचं मोल न्यूयॉर्कहून जास्त आहे, कारण तालुक्याच्या गावात कॅल्शियमची तपासणी दर वेळी वेळेवर होतेच असं नाही.

दुसरीकडे दक्षिण कोरियाचा धडा आहे. १९९९ नंतर तिथे आरोग्य तपासणीसोबत थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यूचं प्रमाण मात्र जागचं हललं नाही. हजारो लोकांच्या अशा गाठी काढल्या गेल्या, ज्यांनी त्यांना कधी त्रास दिला नसता. बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत वार्षिक तपासणीचं पॅकेज घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हा संथपणा मात्र सगळ्याच गाठींना लागू नाही. मेड्युलरी प्रकार वेगळा. काही घराण्यांत तो आरईटी जनुकातून उतरतो आणि तिथे भावंडांची, मुलांचीही तपासणी करावी लागते. अॅनाप्लास्टिक प्रकार तर आठवड्यांत वाढतो. गाठ झपाट्याने वाढत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा गिळताना अडत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

बाकीच्यांनी सर्जनना सरळ विचारावं: माझा धोका कोणत्या गटातला? अर्धी ग्रंथी काढून भागेल का? आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घरात जपून ठेवावा. वीस वर्षांनी तुमच्या डॉक्टरांना तो लागेल.