वेगाची नौका आणि एंजिनाचा ब्लॉक

जालन्याचें नांव घेतलें म्हणजे पोलादाच्या सळया आणि बियाणें डोळ्यांपुढें येतात; नौका कोणाच्या मनांतहि येत नाहीं. तरी या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, वरच्या अंगाला पैठणजवळ जायकवाडीचें धरण आहे, आणि धरणाचे दरवाजे उघडले कीं अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतील नदीकांठच्या गांवांना नौकेची आठवण होते. 2006 च्या ऑगस्टांत ती झाली, 2025 च्या सप्टेंबरांतहि झाली. अशा वेळीं वल्ह्याच्या होडीनें भागत नाहीं. फुगलेल्या प्रवाहावर चढून जाईल अशी वेगाची नौका लागते. आणि वेगाचा विचार करूं लागलें कीं तो एंजिनाच्या ब्लॉकपर्यंत, म्हणजे हा ब्लॉक बिडाचा असावा कीं अॅल्युमिनियमचा या प्रश्नापर्यंत, येऊन पोंचतो.

ब्लॉक म्हणजे एंजिनाचें धड. ज्या नळकांड्यांत दट्ट्ये वरखालीं होतात तीं नळकांडीं, त्यांच्याभोंवतीं पाणी खेळविण्याच्या वाटा, आणि खालीं फिरणारा दांडा पेलणाऱ्या बैठका, हें सर्व एकाच ओतिवांत असतें. हें ओतीव फार काळ बहुधा बिडाचें होत आलें. (गोदावरीच्या पैलतीरीं बीड जिल्हाच आहे, नांवाचें साम्य तेवढें, धातूशीं त्याचा संबंध नाहीं.) जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून ज्याच्या सळया होतात तें पोलाद निराळें आणि बीड निराळें. बिडांत कर्ब पुष्कळ असतो व तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपानें धातूभर पसरलेला असतो. त्यामुळें बीड घर्षणाला टिकतें, हादरे गिळतें, आणि दट्ट्या त्याच्या अंगावर सरळ चालूं शकतो. मोठा दोष वजनाचा.

पाण्याशीं तुलना केली तर बीड सुमारें 7.2 पट जड आणि अॅल्युमिनियम 2.7 पट. यावरून ब्लॉकचें वजन एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येईल असें वाटतें. परंतु तसें होत नाहीं. अॅल्युमिनियम कमी ताठ, म्हणून त्याच्या भिंती जाड कराव्या लागतात, आणि बचत निम्म्याच्या आसपास राहते. तीहि थोडी नव्हे. अमेरिकेंत शेव्हरोलेच्या आठ सिलिंडरांच्या एकाच घराण्यांतील एंजिनें बिडाच्या व अॅल्युमिनियमच्या ब्लॉकांत निघालीं. त्यांच्या वजनांत सुमारें 40 किलोंचें अंतर पडतें. राइट बंधूंनीं 1903 सालीं विमानासाठीं जें एंजिन करविलें त्याचें धडहि अॅल्युमिनियमचेंच ओतलेलें होतें, आणि त्यांतील नळकांडीं मात्र बिडाचीं. ही जोडी पुढें फार उपयोगी पडली.

चाळीस किलो म्हणजे एक सडपातळ माणूस. नौकेला त्याचें काय, असें कोणी विचारील. जड मालवाहू होडीला खरोखरच कांहीं नाहीं. ती पाणी बाजूला सारीत जाते. वेगाची नौका मात्र एका मर्यादेपुढें पाण्यावर उचलली जाते व त्याच्या पृष्ठावरून सरकत जाते. ही उचल मिळेपर्यंत एंजिनाला सर्वांत अधिक जोर लावावा लागतो, आणि एंजिन बहुधा मागच्या टोकाला असल्यानें तेथील जादा वजन नौकेचा मागचा भाग पाण्यांत दाबून धरतें. 2017 च्या मार्चमध्यें मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, त्या ज्यांनीं पाहिल्या त्यांना ही उचल वेगळी समजावून सांगावयास नको.

पुराच्या कामांत आणखी एक गोष्ट येते. नौका पाण्यांत चालण्यापूर्वीं ती चिखलांतून, उसाच्या बांधावरून, माणसांच्या खांद्यावरून पाण्यापर्यंत न्यावी लागते. मागें टांगावयाचीं सुटीं एंजिनें आज जवळजवळ सर्व अॅल्युमिनियमच्या ब्लॉकचीं असतात तें उगीच नव्हे. ओले एव्हिनरूडनें 1909 सालीं विकावयास काढलेलें असें एंजिन सुमारें 62 पौंडांचें होतें आणि त्याची ताकद होती अवघी दीड अश्वशक्ति! पुढें त्यानेंच अॅल्युमिनियमचा सढळ उपयोग करून दुप्पट ताकदीचें आणि हलकें एंजिन काढलें.

मग बीड कोणीं घ्यावें? येथें पाण्याचा विचार येतो. अॅल्युमिनियम उष्णता बिडाच्या सुमारें तिप्पट वेगानें वाहून नेतें, हा गुण. पण तापल्यावर जवळजवळ दुप्पट फुगतें, आणि अति तापलें तर वांकतें व मऊ पडतें. गोदावरीच्या पुराच्या पाण्यांत गाळ व जलपर्णी भरपूर. थंड करणाऱ्या पाण्याची वाट तुंबली कीं बिडाचा ब्लॉक थोडा वेळ तरी सोसतो, अॅल्युमिनियमचा फार सोशीत नाहीं. म्हणून टांगत्या एंजिनाच्या बाजूनें पाण्याची जी बारीक धार सतत बाहेर पडते तिच्यावर नजर हवी. ती थांबली तर एंजिन त्याच क्षणीं बंद केलें पाहिजे.

कोंकणांत प्रश्न निराळा होतो. खारें पाणी, त्यांत अॅल्युमिनियम आणि त्याला लागून कांसें किंवा तांबें, म्हणजे एक विजेचा घटच तयार झाला. त्यांत झिजतें तें अॅल्युमिनियम. म्हणून अॅल्युमिनियमचा ब्लॉक समुद्रावर न्यावयाचा तर त्यांत समुद्राचें पाणी खेळवूं नये. आंत गोडें पाणी व शीतक फिरवावें आणि खाऱ्या पाण्यानें तें बाहेरून निववावें. शिवाय जस्ताचे तुकडे जोडावे, ते आधीं झिजतात व ब्लॉक वांचतो. गोड्या पाण्यांत मात्र जस्त नीट काम करीत नाहीं, तेथें मॅग्नेशियमचे लागतात. दिवसभर एकाच चालीनें जाणाऱ्या मासेमारीच्या होडीवाल्यानें एवढ्या खटाटोपांत न पडतां बिडाचें डीझेल एंजिन घ्यावें, हें उत्तम.

दुरुस्तीच्या बाबतींत लोकांची समजूत थोडी उलटी आहे. बीड ओळखीचें म्हणून दुरुस्तीला सोपें, असें मानतात. नळकांडें घासून मोठें करण्यापुरतें तें खरें. पण तडकलेलें बीड सांधणें अवघड, कारण थंड होतांना तें पुन्हां तडकतें. अॅल्युमिनियम 660 अंशांवर वितळतें, परंतु त्याच्यावरील भस्माचा पातळ थर 2000 अंशांहून अधिक उष्णता मागतो, म्हणून साध्या वेल्डिंगवाल्याच्या हातून तें सांधत नाहीं. आर्गॉन वायूखालीं काम करणारा जाणता कारागीर असेल तर मात्र फुटलेला ब्लॉक पुन्हां उभा राहतो, आणि झिजलेला बिडाचा लायनर काढून नवा बसवितां येतो. शर्यतवाल्यांना अॅल्युमिनियम आवडतें त्यांत वजनाइतकाच हाहि हिशेब असतो.

तेव्हां गोदाकांठच्या गांवाला नौका घ्यावयाची झाली तर अॅल्युमिनियमच्या ब्लॉकचें टांगतें एंजिनच घ्यावें, यांत शंका नको. विकत घेतांना मात्र आर्गॉनचें वेल्डिंग करणारा कारागीर जवळच्या कोणत्या शहरांत आहे, पाणी चढविणाऱ्या पंपाचें रबरी चक्र कोठें मिळतें, हें आधीं विचारून घ्यावें. गाळानें तें लवकर झिजतें. आणि दर वैशाखांत एंजिन पाण्यानें भरलेल्या पिंपांत उभें करून दहा मिनिटें चालवावें. बाजूची धार नीट पडते कीं नाहीं, तें तेव्हांच कळतें.