मोटार विजेची, पण अंगण कोणाचे?

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाबाहेर पाऊल टाकणाऱ्या यात्रेकरूस महाकालाच्या दर्शनास नेण्यासाठी आज जे वाहन प्रथम पुढे येते, ते टांगा नव्हे आणि धूर ओकणारी जुनी रिक्षाही नव्हे. ती असते विजेवर चालणारी ई-रिक्षा. ना तिला इंजिनाची घरघर, ना पेट्रोलचा वास. छत्री चौक, गोपाल मंदिर, पटनी बाजार अशा अरुंद वाटांतून ती मुकाट्याने वाट काढीत असते. देशात विजेच्या वाहनांचे युग अवतरणार, अशी भाकिते विद्वज्जन परिसंवादांतून करीत होते तेव्हा या तीर्थक्षेत्रातील गरीब चालकाने ते युग कर्ज काढून आपल्या दारात आणूनही ठेवले होते. आता त्याच शहरातील मध्यमवर्गीय गृहस्थ विजेची मोटार घ्यावी की न घ्यावी, या विचारात पडला आहे. त्याचा हा विचार जेथे येऊन अडखळतो, ती जागा मोटारीच्या दुकानात नसून त्याच्या स्वतःच्या घरात आहे. मोटार भारित करायची कोठे, हा तो प्रश्न होय.

उज्जैनच्या गृहस्थाच्या मोटारीशी समुद्रकाठी राहणाऱ्या आम्हां गोमंतकीयांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. आज आपण महाकालाचे जे मंदिर पाहतो, त्याचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या सारस्वत गृहस्थाने केला, हे आपल्याकडील अनेकांना ठाऊक असेल. परंतु दुसरा संबंध त्याहून निकटचा आहे. गोव्याला स्वतःचे म्हणावे असे मोठे वीजकेंद्र नाही. आपल्या घरातील दिवे ज्या केंद्रांच्या विजेवर जळतात, त्यांपैकी एक छत्तीसगडमधील कोरबा येथे, तर दुसरे मध्य प्रदेशातील विंध्याचल येथे आहे. म्हणजे पणजीतील मोटार आणि उज्जैनमधील मोटार यांच्या पोटात जाणारी वीज पुष्कळ अंशी एकाच चुलीवर शिजते. तेव्हा उज्जैनचा प्रश्न हा आपलाच प्रश्न आहे. फक्त तो तेथे अधिक स्पष्ट दिसतो, इतकेच.

प्रथम बाजारपेठेकडे पाहू. बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याच्या जिद्दीतून २००१ साली ‘रेवा’ नावाची चिमुकली विजेची गाडी रस्त्यावर आली, तेव्हा लोकांनी तिच्याकडे खेळणे म्हणून पाहिले. खरे परिवर्तन जानेवारी २०२० मध्ये टाटांच्या विजेवरील नेक्सॉनने घडविले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच कंपनीची टियागो साडेआठ लाखांच्या आत प्रारंभीची किंमत लावून आली. पुढे पंच आली. एमजी कंपनीची इवलीशी कॉमेट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ऐसपैस विंडसर आली. महिंद्रांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या दोन दणकट गाड्या पुढे केल्या, तर ह्युंदाईने जानेवारी २०२५ मध्ये लोकप्रिय क्रेटा विजेवर आणली. यांपैकी विंडसरने एक नवीच युक्ती योजिली. बॅटरीची किंमत गाडीच्या किमतीतून वगळून ती दर किलोमीटरमागे भाडे म्हणून घ्यावयाची. खपाच्या यादीत ही गाडी अनेक महिने अग्रस्थानी राहिली. ग्राहकाला विजेचे भय नसून बॅटरीच्या किमतीचे भय होते, हे यावरून सिद्ध झाले.

शासनानेही हात आखडता घेतलेला नाही. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि तो तसाच ठेवण्यात आला आहे. परंतु शासनाचा उजवा हात काय करतो, हे डाव्याला ठाऊक नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल मोटारींवरील कर २८ टक्के व वर अधिभार यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. सामान्य ग्राहकाला दिलासा मिळाला, हे खरे. पण विजेच्या मोटारीस मिळणारी वरचढ तेवढी घटली. उज्जैनमध्ये २०२४ च्या मार्चमध्ये विक्रम व्यापार मेळा भरला, तेव्हा तेथे विकल्या जाणाऱ्या खासगी मोटारींच्या वाहनकरात निम्मी सूट देण्यात आली. पेट्रोल व डिझेलच्या मोटारीही त्या सवलतीच्या पंगतीत बसल्या. ज्या शहराला पुढे मध्य प्रदेशच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या वाहनांचे आदर्श नगर म्हणून निवडले, त्याच शहरात धुराच्या गाड्याही स्वस्त व्हाव्यात, यातील विसंगती वाचकांनीच पाहावी.

आता घरच्या हिशेबाकडे वळू. कारण मोटारीविषयीचे निम्मे गैरसमज या हिशेबाच्या अभावी पसरले आहेत. नोकरदार माणसाची मोटार दिवसाकाठी फार तर चाळीस किलोमीटर धावते. एवढ्या अंतरास मध्यम आकाराच्या गाडीला साधारण सहा युनिट वीज लागते; भारित होताना वाया जाणारी धरली तर सात. युनिटला आठ रुपये दर धरला तरी खर्च साठ रुपयांच्या आत राहतो. तेवढ्याच अंतरास पेट्रोलच्या गाडीला अडीच लिटर लागले, तर अडीचशे रुपये पुरत नाहीत. आणि ही सात युनिटे घरात येणार कशी? वातानुकूलन यंत्रासाठी किंवा पाणी तापविण्यासाठी आपण भिंतीवर जी पंधरा अँपिअरची जाड तीन खुंट्यांची जागा ठेवतो, तिच्यातून तासाला तीनेक युनिटे सहज मिळतात. म्हणजे दोन-अडीच तासांत दुसऱ्या दिवसाची बेगमी होते. संपूर्ण रिकामी झालेली ३८ युनिटांची बॅटरी या मार्गाने भरण्यास तेरा-चौदा तास लागतील हे खरे, परंतु रोज रिकामी बॅटरी घेऊन घरी येतो कोण? ज्याला घाई आहे त्याने भिंतीवर साडेसात किलोवॅटचा स्वतंत्र भारक बसवावा; तोच भरणा पाच-सहा तासांत होतो. मात्र त्यासाठी वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. रस्त्यावरील जलदगती केंद्रे आहेतच, पण तेथील दर घरच्या दराच्या दुप्पट-तिपटीपर्यंत जातो. इंदूर पंचावन्न किलोमीटरवर, जाऊन-येऊन एकशेदहा. आजच्या कोणत्याही चांगल्या गाडीला हा प्रवास एका भरण्यात जड नाही. तात्पर्य, घरी भारित करण्याची सोय ज्याला आहे, त्याला विजेची मोटार परवडते. ज्याला नाही, त्याला ती निम्मीच परवडते.

आणि नेमकी येथेच आमच्या मते या विषयातील विषमता दडलेली आहे. फ्रीगंजमधील बंगल्यात राहणाऱ्यास अंगण आहे, अंगणात मीटर आहे. त्याचा प्रश्न एका दिवसात सुटतो. जुन्या शहरातील शिंदेशाहीच्या काळच्या वाड्यात चार बिऱ्हाडांत राहणाऱ्या कुटुंबाने काय करावे? त्यांची मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी, मीटर जिन्याखाली, आणि वीजतार शतकभराच्या लाकडी तुळयांवरून गेलेली. नव्या वसाहतीतील तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थाने काय करावे? त्याची वाहन उभे करण्याची जागा खाली आहे, परंतु तेथे तार ओढण्यास संस्थेचे पदाधिकारी अनुमती देत नाहीत. आग लागेल, सामायिक वीजबिल वाढेल, आज एकाने मागितले उद्या दहा मागतील, ही त्यांची उत्तरे ठरलेली असतात. मडगाव, म्हापसा वा वास्को येथील आमच्या वाचकांना हे संवाद ओळखीचे वाटतील.

वास्तविक कायदा या गृहस्थाच्या विरुद्ध नाही. वाहनाची बॅटरी भारित करणे ही सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले. नव्या इमारतींत वाहनतळाच्या २० टक्के जागी भारणाची सोय असावी, अशी तरतूद आदर्श इमारत नियमांत २०१९ मध्ये आली. घरच्या विद्यमान जोडणीवरच वाहन भारित करता येते, हे २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितले. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन, वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. महानगरे सोडून इतर नगरपालिका क्षेत्रांत नवी जोडणी देण्याची मुदतही पंधरा दिवसांवरून सात दिवसांवर आणण्यात आली. हक्क कागदावर आहे. तो जिना उतरून वाहनतळापर्यंत पोहोचत नाही, हे दुःख आहे.

संस्थाचालकांची भीती सर्वस्वी खोटी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०२२ मध्ये विजेच्या दुचाकींना लागलेल्या आगी लोक विसरलेले नाहीत. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले आणि उष्णता अधिक सोसणारी लोह-फॉस्फेट जातीची बॅटरीही अनेक गाड्यांत आली. माळव्यातील मे महिन्याचे ऊन पाहता हा बदल स्वागतार्हच होय. तथापि घरातील धोका बहुधा गाडीत नसून भिंतीत असतो. बारीक तार, सैल खुंटी, नावापुरते अर्थिंग आणि मध्येच जोडलेली लांब दोरी, ही आगीची खरी कारणे. रात्रभर तीन किलोवॅट भार वाहणाऱ्या तारेस स्वतंत्र मार्ग, स्वतंत्र ब्रेकर आणि गळती होताच प्रवाह तोडणारे साधन हवेच. आमच्याकडील खारट दमट हवेत तर पितळी जोड गंजतात, म्हणून दरवर्षी तपासणीही हवी. या कामी काही हजारांचा खर्च वाचविणाऱ्याने लाखांची मोटार घेऊ नये.

या सर्व चर्चेत ज्याचा विसर पडतो, तो ई-रिक्षाचालक आहे. त्याच्याजवळ ना अंगण, ना वाहनतळ, ना स्वतंत्र मीटर. कोणाच्या तरी दारी भाड्याने, एकाच खोलीत दाटीने उभ्या केलेल्या रिक्षांमध्ये तो आपले वाहन रात्री लावतो. शहरातील विजेच्या क्रांतीचा भार ज्याने वाहिला, त्याला सुरक्षित जागा देणे हे नगरपालिकेचे पहिले कर्तव्य नव्हे काय? २०२८ मध्ये क्षिप्रेच्या काठी सिंहस्थ भरेल. कोट्यवधी भाविक येतील. विजेच्या बसगाड्यांची तरतूद केंद्राच्या योजनेतून झालेली आहे. परंतु घाटापासून मंदिरापर्यंत वृद्धांना पोहोचविणार तो हाच चालक. पर्वासाठी जे वाहनतळ उभारले जातील, त्यांत त्याच्यासाठी भारणाची कायम जागा ठेवली, तर पर्व संपल्यावरही नगराच्या हाती काही उरेल.

शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा हा, की ही वीज येते कोठून? आपल्या देशातील निम्म्याहून बरीच अधिक वीज आजही कोळशावर निर्माण होते. आमच्या दारातला धूर नाहीसा होतो म्हणून आम्ही समाधानी असू, तर तो धूर सिंगरौलीच्या शेतकऱ्याच्या दारात गेला आहे, एवढेही आम्हांस ठाऊक असावे. विजेची मोटार ऊर्जा कमी वाया घालविते, हे खरे. पण तिचे पुण्य पुरते पदरात पडायचे, तर तिला सूर्याची वीज मिळाली पाहिजे. उज्जैनजवळच आगर येथे सूर्यशक्तीचा मोठा प्रकल्प उभा राहिला आहे. घराच्या छपरावर तीन किलोवॅटची सौर योजना करणाऱ्यास फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेतून ७८ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि चांगल्या उन्हात तिच्यातून दिवसाला बारा युनिटे निघतात. त्यांतील सात मोटारीची.

मात्र सूर्य दिवसा तळपतो आणि मोटार घरी येते रात्री. दिवसा वीज स्वस्त आणि सायंकाळी महाग असे दर असावेत, हे तत्त्व केंद्राने २०२३ मध्ये नियमांत आणले, त्यामागील कारण हेच. तेव्हा घराइतकीच कचेरीतही भारणाची सोय हवी. प्राचीन ज्योतिर्विदांनी ज्या नगरीचे रेखावृत्त प्रमाण मानले आणि जेथे सवाई जयसिंगांनी वेधशाळा उभारली, त्या नगरीला सूर्याच्या वेळेप्रमाणे दिनक्रम आखण्याचा धडा कोणी नव्याने देण्याची गरज नसावी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मोटारीवर सवलती पुष्कळ झाल्या. आता त्या भिंतीवरील खुंटीकडे वळवाव्यात. जुन्या वाड्यांतील तारा बदलण्यास साहाय्य द्यावे, संस्थांनी हक्काची जोडणी अडविल्यास मुदतीत निवाडा व्हावा, आणि रिक्षाचालकासाठी सार्वजनिक जागा राखावी. हे उज्जैनने करावे आणि गोव्यानेही करावे. अन्यथा स्वच्छ हवा हीदेखील ज्याला अंगण आहे त्याचीच मिरास होऊन बसेल. आणि हवा तर सर्वांच्या मालकीची आहे.