पत्रे, दगड आणि उतारे

३१ मे २०२० रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. २ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले. नाव निसर्ग, बांगलादेशाने सुचवलेले. आम्ही बातम्यांवर कान ठेवून होतो. आधी ते उत्तरेकडे सरकले, मग ईशान्येला, म्हणजे आपल्याकडेच वळले.

टाळेबंदीमुळे मुंबईची माणसे गावी आलेली. एकेका घरात दोन-दोन बिऱ्हाडे! पत्र्यांवर दगड ठेवले, म्हाताऱ्यांना शाळेत नेले. माणगाव समुद्रापासून आत, म्हणून आम्ही थोडे निर्धास्तच होतो.

३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेस वादळ किनाऱ्याला धडकले, वारा ताशी ११० किलोमीटरच्या घरात. वादळाचा वारा गोल फिरतो. आधी एका अंगाने झोडपले, मग दुसऱ्या. दगडांसकट पत्रे उडाले. वर्षानुवर्षे फळ देणारे आंबे-फणस मुळासकट आडवे. विजेचे खांबही पडले, त्यामुळे कित्येक रात्री अंधारात काढल्या.

पुढे पंचनामे. आम्ही कारकून माणसे, अर्ज लिहायला ओट्यावर बसलो. घराचा उतारा मागितला, तर कुणाचे घर अजून आजोबांच्या नावावर, कुणाचे चुलत्याच्या. एका आजीने ट्रंक उघडली. आतले कागद भिजून एकमेकांना चिकटले होते. ते आम्ही एकेक सोडवून चुलीजवळ वाळत घातले.