परिसरातील विद्युत्-ऊर्जा व बिनतारी संवेदक-जाल

पुलाच्या तुळयांवर किंवा विस्तीर्ण शेतजमिनीत शेकडो संवेदक बसविले, की त्यांचे विद्युत्-घट वेळोवेळी बदलणे हेच मोठे काम होऊन बसते. कित्येक ठिकाणी तर ते अशक्यप्राय असते. म्हणून नभोवाणी, दूरचित्रवाणी व मोबाइल यांच्या लहरींतून सभोवार पसरलेली ऊर्जा संवेदकांना पुरेल काय, हा प्रश्न विचारार्ह ठरतो.

ही ऊर्जा मिळविण्याची रीत साधी आहे. आकाशकात निर्माण होणारा उच्च कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह डायोडच्या साह्याने एकदिश करून धारित्रात साठविला जातो. जुने स्फटिक-रेडिओ याच तत्त्वावर घटावाचून चालत असत. खरी अडचण मिळणाऱ्या शक्तीच्या अल्पतेची आहे. मोकळ्या अवकाशात प्रक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट झाले, की शक्तीची घनता एक चतुर्थांश होते. शिवाय विद्युत्-दाब अत्यल्प असता डायोडची कार्यक्षमताही घटते.

ॲलन्सन सॅम्पल व जोशुआ स्मिथ यांनी अमेरिकेतील सिॲटल येथे केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. ९६० किलोवॅट शक्तीच्या दूरचित्रवाणी-प्रक्षेपकापासून ४.१ किलोमीटरांवर त्यांना ६० मायक्रोवॅट शक्ती मिळाली व तीवर तापमान आणि आर्द्रता दर्शविणारे एक छोटे उपकरण चालले.

हाच आकडा आधारास घेऊन एक उदाहरण पाहू. संवेदकास निद्रावस्थेत १० मायक्रोवॅट शक्ती लागते व एका संदेशास ६० मिलिवॅट शक्ती ०.१ सेकंद, म्हणजे ६ मिलिज्यूल ऊर्जा लागते, असे धरू. दहा मिनिटांत ३६ मिलिज्यूल जमा होतात. पैकी ६ निद्रेत खर्च होऊन ३० उरतात. म्हणजे मापनाचा व गळतीचा व्यय सोडल्यास पाच संदेश शक्य होतात. अंतर दुप्पट केल्यास प्राप्ती १५ मायक्रोवॅटांवर येते व एका संदेशासाठी वीस मिनिटे थांबावे लागते. अंतर तिप्पट केल्यास प्राप्ती ७ मायक्रोवॅटांहूनही कमी होते. ती निद्रेच्या व्ययासही अपुरी असल्यामुळे कितीही काळ थांबले तरी एकही संदेश जाणार नाही.

यावरून असे दिसते की, संदेशाचा व्यय फक्त दोन संदेशांमधील कालावधी ठरवितो. जालाची सीमा मात्र निद्रेचा व्यय ठरवितो. तो निम्म्यावर आणल्यास, डायोडची कार्यक्षमता कायम धरता, संवेदक बसविता येतील असे क्षेत्र दुप्पट होते. संवेदकाची आखणी करताना त्याच्या विश्रांतीचा हिशेब प्रथम मांडणे म्हणूनच आवश्यक होय.