विकरांची साखळी : रसायननिर्मितीची नवी वाट

औषधासारखे गुंतागुंतीचे रसायन सहसा एका क्रियेत तयार होत नाही. कच्च्या द्रव्यावर एकामागून एक क्रिया कराव्या लागतात व बहुधा प्रत्येक क्रियेनंतर मिळालेला पदार्थ वेगळा काढून शुद्ध करावा लागतो. या खटाटोपात द्रावके खर्ची पडतात, सांडपाणी वाढते आणि मालही घटतो. प्रत्येक टप्प्यात ८० टक्के माल हाती आला, तरी दहा टप्प्यांअखेर १०० भागांपैकी जेमतेम ११ भाग उरतात.

सजीवांच्या पेशींत हेच काम विकरे, म्हणजेच एंझाइमे, साध्या तापमानात व पाण्यात पार पाडतात. एका विकराने घडविलेला पदार्थ दुसरे विकर लगेच उचलते. पेशीबाहेरही अशी साखळी चालू शकते, हे एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये दाखविले. यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसाने साखरेचे मद्यार्कात रूपांतर झाले होते.

नऊ विकरांचे सहकार्य

या तत्त्वाचे ठळक उदाहरण २०१९ मध्ये पुढे आले. एच.आय.व्ही. विषाणूविरुद्ध योजिलेले इस्लाट्राव्हिर हे द्रव्य मर्क व कोडेक्सिस या अमेरिकन कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी नऊ विकरांच्या साहाय्याने तीन टप्प्यांत तयार केले. पूर्वीच्या पद्धतींच्या निम्म्याहूनही कमी टप्पे त्यास पुरले. मधला कोणताही पदार्थ शुद्ध करून वेगळा काढावा लागला नाही.

या नऊपैकी पाच विकरे निसर्गात जशी आढळतात तशी उपयोगी नव्हती. त्यांच्या जनुकांत बदल करून त्यांतून सरस नमुने पिढ्यान्‌पिढ्या निवडण्यात आले. या 'नियंत्रित उत्क्रांती'च्या तंत्राबद्दल फ्रान्सेस अर्नोल्ड यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला होता. उरलेली चार विकरे साहाय्यक होत. अखेरच्या क्रियेत फॉस्फेट सुटते आणि ते साचल्यास क्रिया मागे फिरू लागते. म्हणून आपल्या नेहमीच्या वापरातील साखर त्यात घालतात. एक साहाय्यक विकर त्या साखरेशी फॉस्फेटचा संयोग घडवून ते बाजूस सारते.

मर्यादा आणि महत्त्व

एकत्र काम करणाऱ्या सर्व विकरांना एकच तापमान व एकच आम्लता मानवली पाहिजे; एकाचे उपउत्पादन दुसऱ्यास बाधक ठरता कामा नये. हा मेळ बसविणे कष्टाचे आहे. तथापि तो साधला, तर टाकाऊ द्रव्य कमी निघते व कच्चा माल वाचतो. रसायन उद्योग आणि त्याच्या परिसरातील नद्या, या दोहोंच्या दृष्टीने ही बाब मोलाची होय.